रेवतीची शाल

भाऊसाहेबांना लाज म्हणून नाही. एवढे मोठे निवृत्त अंडर सेक्रेटरी, आमच्या दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, आणि दिलेला शब्द चहावरच्या सायीसारखा बोटाने उचलून टाकतात.

झालं असं. जानेवारी म्हणजे सरकारचा रस्ता सुरक्षेचा महिना आणि आमचा संक्रांतीचा. मंडळाने यंदा ठरवलं, तिळगुळाच्या कार्यक्रमात रस्त्यासाठी काम केलेल्या सरकारी माणसाचा सत्कार करायचा. पहिलंच नाव निघालं माझ्या सुनेचं.

रेवती रस्त्यांच्या खात्यात इंजिनियर. मार्केटसमोरच्या मोठ्या रस्त्यावर लोकांनी मधला दुभाजक एका जागी फोडून ठेवला होता. दिल्लीत त्याला कट म्हणतात. त्यातून स्कूटर घुसायच्या, गाड्या वळायच्या आणि पिशवी घेतलेली बाई मध्येच अडकायची. भाऊसाहेबांच्या बायकोला, कुमुदिनीला, तिथंच स्कूटरने उडवलं. अजून गुडघा धरून चालते ती. रेवतीने तो कट बुजवून घेतला, पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल बसवला. गाडीवाल्यांनी शिव्या दिल्या, तिने ऐकून घेतल्या. तेव्हापासून तिथे कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

पत्रिका छापायच्या आधी भाऊसाहेब घरी आले. खुर्चीत ऐसपैस बसले.

"रेवतीबेटा, शाल तर पक्की. बस, एक छोटंसं काम. तो कट जरासा उघडून दे. पूर्ण नको गं, एक गाडी जाईल एवढाच. पार पुढच्या सिग्नलपर्यंत वळसा पडतो आम्हाला."

"काका, एकीच्या मागून सगळ्या जातात. नाही होणार."

"अगं, सत्कार आम्ही करतोय तुझा!"

"मग नका करू," ती म्हणाली आणि चहा त्यांच्यापुढे सरकवला.

मग व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका आली. रेवतीचं नाव गायब. सत्कार कुणाचा, तर कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनातून येणाऱ्या पाहुण्या साहेबांचा. त्यांनी रस्त्यासाठी काय केलं होतं? ते रस्त्याने येणार होते, एवढंच.

"आई, जाऊ दे ना," माझा उल्हास म्हणाला. "कॉलनीत राहायचंय आपल्याला."

"मलाही शालीची हौस नाही," रेवती म्हणाली. पण मी बघत होते. तिने फोन पालथा घातला आणि जेवायचं सोडून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. ज्या लोकांनी शिव्या दिल्या, त्यांच्यासमोर एकदा कुणी चांगलं म्हणावं, एवढंच हवं होतं पोरीला. ते तिला मिळायलाच हवं होतं.

"बिल्कुल जाऊ दे," मी म्हटलं. "पण कार्यक्रमाला सगळे जायचं."

आमच्या मंडळाची एक पद्धत आहे. सत्काराची शाल मंडळातल्या सगळ्यात वडील बाईने घालायची. ती बाई म्हणजे मी. भाऊसाहेबांनी रेवतीचं नाव खोडलं, माझं तसंच ठेवलं. इतकी वर्षं मी गुपचूप शाल घालून खाली येऊन बसते ना, त्यांना वाटलं म्हातारीला एवढंच जमतं.

संक्रांतीला धुकं होतं. भाऊसाहेब उशिरा आले, तणतणत. कुमुदिनी माझ्याजवळ बसली आणि कानात म्हणाली, "वळसा नको म्हणून राँग साइडने गाडी घातली हो. समोरून बस आली. मी डोळेच मिटले."

भाऊसाहेब माइकवर बोलले, खूप बोलले. मग म्हणाले, "शेवंतावहिनी, शाल."

मी उठले, वर गेले, शाल घेतली. पाहुण्यांनी मान खाली केली.

"तुम्ही बसा साहेब," मी म्हटलं. "तुमच्या अंगात कोट आहे."

आणि खाली उतरले. रेवती मागच्या रांगेत, नको नको म्हणून मान हलवत होती. मी तिथवर गेले आणि शाल तिच्या खांद्यांवर टाकली.

"मार्केटसमोरचा कट हिने बंद केला," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "ज्यांना वळसा पडतो त्यांनी शिव्या द्या. पण आज माझ्यासमोर द्या."

मग कुमुदिनी उठली. गुडघा धरत स्टेजपाशी गेली, तबकातला नारळ उचलला आणि आणून रेवतीच्या ओटीत घातला.

"मी आता एकटी भाजीला जाते," ती म्हणाली. "हिच्यामुळे."

पहिली टाळी पाहुण्या साहेबांनी वाजवली. मग सगळ्यांनी. आमचा उल्हास तर उभा राहून वाजवत होता, तोच 'कॉलनीत राहायचंय'वाला. रेवतीने शाल तेवढी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली.

भाऊसाहेब तरातरा खाली आले. "वहिनी, हे काय? मंडळाची काही पद्धत आहे की नाही?"

मी तिळाची वडी त्यांच्या हातावर ठेवली.

"पद्धतीनेच घातली, भाऊसाहेब. वडील बाईने घालायची ना? घातली. आता संक्रांत आहे म्हणून गोड सांगते. माणूस तुम्ही वाईट नाही, पण बायकोला शेजारी बसवून उलट्या बाजूने गाडी हाणणारा अध्यक्ष मला नको. वर्षभर गाडी नीट चालवलीत तर पुढच्या वर्षी शाल तुम्हाला घालीन. आज कुमुदिनीला घेऊन घरी जा, आणि पुढच्या सिग्नलपासून वळसा घालून जा."