आजी काय म्हणतात?

"राजा, तुझ्या नगरात दिवे लागले घरोघर,
माझ्या एका कोनाड्यात कुणी ठेवला अंधार..."

कानडीतल्या या ओळी गुरुने लहानपणी मैंदर्गीच्या जत्रेत ऐकल्या होत्या, आईच्या मांडीवर बसून. उघड्या मैदानात बयलाट रंगला होता, गाण्यातून पुढे सरकणारा कानडी खेळ. राणीच्या वेषात बसलिंगप्पा उभे होते. आवाज कसा, तर ओलं लुगडं वाऱ्यावर वाळत घालावं तसा. जड, आणि तरी हलणारा. बायका डोळ्यांना पदर लावत एकमेकींना सांगत, "गडी हाय गं त्यो. रत्नम्माचा नवरा."

बसलिंगप्पा गेले. तो आवाज धरून ठेवावा असं कुणाला सुचलं नव्हतं. मागे उरला एकच फोटो, अक्कलकोटच्या स्टुडिओतला. राणीचाच वेष, नाकात नथ, कपाळभर मळवट आणि ओठांत दाबलेलं हसू. त्याला रोज फूल वाहताना रत्नम्मा म्हणत, "माझी सवत बघ, माझ्यापरीस देखणी हाय."

गुरु सोलापूरच्या कॉलेजात आला त्या वर्षी अभ्यासक्रमात नवा विषय निघाला होता, समुदाय-सहभागी शिक्षण. गावात जा, लोकांकडून शिका, लोकांना काही परत द्या, असं प्रभा मॅडमनी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं. गाव ठरलं मैंदर्गी. गुरु तिथलाच. रत्नम्मांच्या दारात मॅडमनी विचारलं, "आजींना मराठी येतं का रे?"

"नाही मॅडम. मी सांगतो ना."

वर्गाला त्याची गरज लागल्याचा तो पहिलाच दिवस होता.

त्याच दिवशी वर्गातल्या उर्वीची नजर फोटोवर गेली. "प्रदर्शनाला काय भारी दिसेल! स्कॅन करून आठवड्यात परत देते, प्रॉमिस." रत्नम्मांनी उर्वीकडे पाहिलंच नाही, गुरुकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, तेव्हा कुठे फोटो खिळ्यावरून उतरला.

स्कॅन राहूनच गेलं. फोटोच डिंकाने बोर्डावर चिकटला, खाली मोठ्या अक्षरांत 'लोप पावणारी लोककला'. तपासणी समिती आली, मान हलवून गेली. मग हॉल घाईने रिकामा करायचा होता, आणि सगळे बोर्ड रद्दीवाल्याच्या टेम्पोत चढले. कळलं तेव्हा मॅडम हादरल्या, खोटं कशाला सांगायचं. पण सावरून म्हणाल्या, "उर्वीच्या मोबाईलमध्ये असेल की. प्रिंट काढून देऊ."

मोबाईलमध्ये उर्वीचा सेल्फी होता. मागे भिंतीवर फोटो होता, पण फ्लॅश पडून राणीच्या तोंडाच्या जागी नुसता पांढरा गोळा.

"आत्ताच काही बोलू नकोस त्यांना," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षीच्या भेटी त्याच गावात आहेत. तू जरा सांभाळून घे."

गुरुने सांभाळून घेतलं. दुसऱ्या वर्षी दारात पाऊल पडायचा अवकाश, रत्नम्मा विचारत, "फोटो यल्ली ऐती?" कुठाय फोटो?

"आजी काय म्हणतात?"

"चहा घेणार का, म्हणतात."

"अय्या, किती गोड!" उर्वी म्हणे. "नको म्हणावं, उगाच त्रास."

आणि गुरु कानडीत सांगे, "पुढच्या खेपेला आणतो, अज्जी."

वर्षाच्या शेवटी कॉलेजात समारंभ ठरला. ज्या गावाने शिकवलं त्या गावाचा सत्कार. रत्नम्मांना घेऊन गुरु एसटीने सोलापुरात आला. त्यांच्या पिशवीत धुतलेलं, घडी केलेलं पांढऱ्या कापडाचं धडपं होतं. "गुंडाळून न्यायला," त्या वाटेत म्हणाल्या.

शाल झाली, नारळ झाला. मॅडमनी माईक पुढे केला. रत्नम्मांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि कानडीत म्हणाल्या, "तुमची शाल नको मला. माझं माणूस तुमच्याकडं राहिलंय. तेवढं द्या, मी जाते."

मॅडम हसऱ्या चेहऱ्याने गुरुकडे वळल्या. "आजी काय म्हणतात?"

गुरुने खाली पाहिलं. "त्या म्हणतात... तुम्ही सगळी मला घरच्यासारखीच आहात. मला फार आनंद झाला."

टाळ्यांचा कडकडाट झाला.

जेवणाची पाकिटं घ्यायला तो मागच्या दाराशी गेला, तर शिपाई जोतीराममामा तंबाखू मळत उभे. "लई झ्याक सांगितलंस की रं! म्हातारी मागती नवरा, आन् तू देतोस आनंद."

"तुम्हाला कानडी कळतं, मामा?"

"सोलापुरात ऱ्हातो न्हवं मी? अर्ध्या हॉलाला कळत व्हतं, लेका."

"मग कुणी बोललं का नाही?"

"बोलायचा पगार तुला हाय, का आमाला?" मामांनी चिमूट तोंडात टाकली. "टाळ्या मी बी वाजवल्या. समदी वाजवत व्हती."

रत्नम्मा हॉलबाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. शाल बाजूला, मांडीवर ते धडपं. गुरुने पाकीट पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"मी माणूस मागितलं, आन् ह्यांनी टाळ्या वाजिवल्या," त्या म्हणाल्या. मराठीत.

"अज्जी, तुम्हाला मराठी..."

"उभा जन्म बाजारात मिरच्या इकल्या मी. गिऱ्हाईक काय निस्तं कानडीच येतंय व्हय?"

"मग इतके दिवस बोलला का नाही?"

"पैल्या दिशी तूच म्हनलास, येत न्हाय. त्या पोरांत तुजं तेवढंच काम व्हतं. ते मी कशाला काढून घिऊ?" धडप्याची घडी त्यांनी मोडली, पुन्हा घातली. "चहाचं सांगितलंस तवा हसू बी आलं मला. म्हनलं, आज न्हाय तर पुडल्या खेपंला बोलंल पोरगं. आज तर माईक व्हता हातात."

एवढ्यात मॅडम आणि उर्वी लगबगीने आल्या. उर्वीने मोबाईल वर धरलेला. "गुरु, आजींना सांग ना, शाल घ्यायला. अहवालासाठी एक छानसा फोटो हवाय."

रत्नम्मांनी शालीकडे पाहिलं नाही. गुरुकडे पाहिलं.

तो उभा राहिला. मॅडमकडे त्याने पाठ केली नाही, आणि आवाजही लहान केला नाही.

"फोटो नाहीये, अज्जी," तो मराठीत म्हणाला. "मागच्याच वर्षी आम्ही तो बोर्डासकट रद्दीत घातला. मॅडमना माहीत आहे. मलाही तेव्हापासून माहीत आहे."