मागच्या काचेभोवतीचा गंज

मित्रांनो, रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, कुंडलिका नदीच्या पुलाजवळ, पत्र्याच्या शेडखाली एक दुधी रंगाची जुनी फियाट उभी असते. ती मी. चाळिशी ओलांडली मी कधीच.

कारखान्यातल्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. नूरमहंमदशेठ मला घरी घेऊन आले, तिथून पुढचं सगळं आठवतं. रोह्यात त्यांचं कापडाचं दुकान होतं. माल आणायला ते मला पनवेलला नेत आणि सुट्टीत मुरूडला, सासुरवाडीला. अष्टमीतल्या कितीतरी नवऱ्या माझ्यात बसून सासरी गेल्या. लोक बॉनेटवर हात ठेवून म्हणत, शेठ, गाडी जपलीत हां. शेठ खांद्यावरच्या फडक्यानं तो हाताचा ठसा पुसून टाकत.

पण मुरूडची खारी हवा कुणाला सोडत नाही. मागच्या काचेभोवती काळं रबर असतं ना, त्याच्याखाली पाणी मुरू लागलं आणि तिथं मला गंज धरला. पावसात आत थेंब पडायचे. काच काढून नीट काम करून घ्यायला हवं, असं शेठ म्हणाले. त्यांच्या बायकोनं, अमीनाभाभींनी सांगितलं, मुलीचं, अफशाचं लग्न होऊ दे, मग बघू. तेव्हा लग्नापुरता गंजावर पुटीनचा लगदा भरून वरून रंग मारला. मांडवासमोर मी नवीकोरी दिसत होते. अफशा पेणला सासरी गेली आणि गंज रंगाखाली तसाच राहिला.

दोन वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका दुपारी, शेठच्या छातीत कळ आली. मुलगा हमझा मस्कतहून सुट्टीवर आला होता, त्यानं मला घाईनं बाहेर काढलं. शेठ मागच्या सीटवर भाभींच्या मांडीवर डोकं ठेवून आडवे झाले. नागोठण्यापुढे पावसानं जोर धरला आणि काचेच्या वरच्या कडेतून पाणी गळू लागलं, थेट शेठच्या कपाळावर. भाभी ओढणीनं पुसत होत्या. पाणी पुन्हा पडत होतं. कासूच्या आसपास शेठचा श्वास थांबला. हमझाचं लक्ष रस्त्यावर होतं, त्याला कळलं नाही. भाभींना कळलं, पण त्या बोलल्या नाहीत. पुढे वडखळच्या कोंडीत आम्ही पाऊण तास अडकलो. हमझा हॉर्न दाबत राहिला. पेणच्या दवाखान्याच्या दारापर्यंत भाभी ते कपाळ पुसत होत्या.

त्यानंतर मी ताडपत्रीखाली गेले. मला दुःख झालं का? खरं सांगायचं तर काही वाटलंच नाही. बॅटरी उतरली, चाकं बसली, कुणीतरी आरसा काढून नेला. तरी काही नाही. घरातही तसंच चाललं होतं. भाभी वेळेवर जेवण करत, नमाज पढत, फोनवर हमझाशी दोन शब्द बोलत. कुणी विचारलं तर म्हणत, "मला काय नाय झालं." त्यांना रडताना कुणी पाहिलं नाही.

यंदा हमझानं मस्कतहून कळवलं, गाडी भंगारात काढा, मला ती पुन्हा बघायची नाही. भाभी म्हणाल्या, तुला पटेल तसं कर. भंगारवाला दारात आला, त्या दिवशी अफशा माहेरी होती. तिनं त्याला परत पाठवलं आणि मला टेम्पोमागे बांधून पेणला जगनच्या गॅरेजात नेलं.

जगनचा बाप मिठागरावर राबलेला. मीठ लोखंडाला कसं खातं, हे जगननं लहानपणापासून पाहिलेलं. त्यानं काच उतरवली, रबर सोललं. अफशा आईलाही बळेबळे घेऊन आली होती. भाभी दाराशीच उभ्या राहिल्या.

"वरनं बरी दिसते," जगन म्हणाला. "पन खाली नुसतं पुटीन हाय. पत्रा उरलाच नाय."

त्यानं पेचकस टोचला. तो आरपार गेला. मित्रांनो, मला दुखलं नाही. सडलेल्या जागी दुखत नसतं. सडका भाग ग्राइंडरनं कापत कापत तो चांगल्या पत्र्यापर्यंत आला, तेव्हा मात्र मी अंगभर थरथरले.

भाभी पुढे आल्या. "पाणी इथनंच येत होतं?"

"व्हय."

"ह्यांच्या कपाळावर पडत होतं. मीच बोलले होते, मग बघू. नायतर कोरडे तरी गेले असते."

अफशा आईकडे बघत राहिली. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. जगननं ग्राइंडर खाली ठेवला.

"ह्यो गंज लय जुना हाय, भाभी. शेठना दिसत नव्हता काय? दोघांनी मिळून ठेवलात तो. एकट्या तुमचा नाय."

एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. नवा पत्रा कापून त्यानं वेल्डिंग केलं, गंज धरू नये म्हणून लाल प्रायमर मारला, सांधे बुजवले, रंग दिला. चौथ्या दिवशी नवं रबर घालून काच बसवली. मग तो म्हणाला, आता पाइपानं पाणी मारून बघू, आत कुणीतरी बसायला हवं. अफशा आत बसायला निघाली, तर भाभींनी तिला थांबवलं आणि त्या स्वतः मागच्या सीटवर बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

जगननं काचेवर पाणी सोडलं. भाभी कडेवरून बोट फिरवत होत्या. पुरे का, असं त्यानं विचारलं. त्यांनी मान हलवली, अजून मार. बोट कोरडंच राहिलं. पाणी बंद झालं तरी त्या उतरल्या नाहीत. त्यांनी अफशाकडे फोन मागितला आणि हमझाला लावला.

"हमझा, वडखळच्या आधीच गेले रे ते. कासूलाच. मी बोलले नाय तुला. तुझ्यामुळं उशीर नाय झाला."

पलीकडे तो हुंदके देत रडू लागला. भाभींनी फोन कानाला तसाच धरून ठेवला.

मित्रांनो, मी अष्टमीतल्या शेडखाली परत आले, मला कुणी आता भंगारात काढत नाही. रविवारी अफशाचा नवरा पेणहून येऊन मला सुरू करतो, पूल ओलांडून रोह्यात फिरवून आणतो. तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी जुनी गाडी असेल, तर ती नुसती धुऊ नका, काचेभोवतीचं रबर उचलून खाली बघा. आणि घरात कुणी विचारल्यावर "मला काय नाय झालं" म्हणत असेल, तर त्याच्याजवळ थोडं बसा. बोलायला त्याला दोन वर्षं लागू देऊ नका.