सासऱ्यांची नाडी

जो पट्टा सासऱ्यांच्या मनगटावर असायला हवा होता तो सुनेच्या मनगटावर होता, आणि रुग्णालयाच्या लेखी सासऱ्यांची तब्येत उत्तम होती.

हृदय अशक्त झालेल्या रुग्णांना रुग्णालय आता खाटेवर फार दिवस ठेवत नसे. पट्टा बांधून घरी पाठवी. पट्टा नाडी आणि श्वास मोजून आकडे रुग्णालयाच्या पडद्यावर धाडी. आकडे बिघडले की हिरवी रेषा लाल होई आणि गाडी आपोआप निघे. रुग्णाने पट्टा काढू नये म्हणून त्याला बारीक कुलूप होतं. पण सासऱ्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली. चिमट्याच्या टोकाने त्यांनी ते चहा निवायच्या आत उघडलं.

"वेळसुद्धा सांगत नाही लेकाचं, नुसतं मनगट अडवून बसलंय. तू घाल सूनबाई. तुझं काळीज दणकट आहे."

"बाबा, हा काय खेळ आहे?"

"मागच्या वेळी नळी ओढतो म्हणून माझे हात खाटेला बांधले होते. तो खेळ होता?"

थोडे दिवस म्हणून तिने पट्टा चढवला आणि तो तिथेच राहिला. परगावी नोकरीला असलेला नवरा फोनवर हिरवी रेषा पाहून खूश होई. "बाबा तर माझ्यापेक्षा ठणठणीत!" म्हणे. ती हो ला हो करी.

आज सकाळी सासरे आडवे होऊ शकत नव्हते. टेबलाची कड धरून खुर्चीत बसले होते. पावलं सुजून चपलेत मावत नव्हती. एका वाक्याला त्यांना तीनदा थांबावं लागत होतं. तिने घाईने पट्टा त्यांच्या मनगटावर बांधला आणि फोनवर रेषा लाल व्हायची वाट पाहिली.

रेषा करडी झाली. खाली अक्षरं उमटली: पट्टा दुसऱ्या व्यक्तीने घातला आहे. नोंदी स्वीकारल्या जाणार नाहीत.

इतक्या दिवसांत यंत्राने तिची नाडी सासऱ्यांची म्हणून पाठ केली होती. आता सासरेच परके ठरले.

तिने रुग्णालयाला फोन लावला. पडद्यावर सिस्टर आली. मागे भिंतभर हिरव्या रेषा सरकत होत्या. सुनेने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"कमाल केलीत ताई," सिस्टर म्हणाली. "आजोबांना दाखवा." सुनेने फोन त्यांच्या पायांकडे वळवला. सिस्टरचा चेहरा उतरला.

"गाडी पाठवा ना, सिस्टर."

"माझ्याकडे बटण नाही. बटण पट्ट्याकडे आहे. डॉक्टरांना निरोप टाकते, पण ते आधी लाल रेषा बघतात. मग करड्या."

"मग मीच घेऊन येते."

"कितव्या मजल्यावर राहता?"

"चौथ्या. लिफ्ट बंद आहे."

"अशा माणसाला जिना उतरवू नका. आणि इथे दारावरही हाच पडदा बघून आत घेतात." सिस्टरने मागे वळून पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकदा लाल झालं की गाडी कुणालाच थांबवता येत नाही. मलासुद्धा."

ती सुनेकडे बघत राहिली. सुनेला कळलं.

तिने पट्टा पुन्हा आपल्या हातावर चढवला आणि पदर खोचला.

"कुठे... निघालीस?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्हाला झटका आणायला."

ती जिना धावत उतरली, धावत चढली, पुन्हा उतरली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने दार किलकिलं करून विचारलं, "वजन कमी करताय का हो?" तिने नुसता हात हलवला. छाती फुटायला आली तेव्हा कुठे फोन किंचाळला. रेषा लाल झाली होती.

गाडीतले दोघं खुर्ची घेऊन वर आले. त्यांना दारात धापा टाकणारी बाई दिसली आणि आत निळसर ओठांचे म्हातारे.

"यातला पेशंट कोण?" त्या दोघांतल्या वयाने मोठ्या असलेल्याने विचारलं.

"ते. आकडे माझे आहेत."

त्याने एकदा पट्ट्याकडे, एकदा सासऱ्यांच्या पावलांकडे पाहिलं आणि पुढे काही न विचारता खुर्ची उघडली.

गाडी सुरू झाली. सासऱ्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क लागला. सून बाकावर टेकली आणि पहिल्यांदाच सावकाश श्वास घेतला.

"वहिनी, बसू नका!" मोठा ओरडला. त्याच्या हातातल्या पडद्यावरचा लाल रंग फिकट होत होता. "हिरवं झालं तर राखलेली खाट सुटते. डॉक्टर आजोबांना डोळ्यांनी बघेपर्यंत तुम्हाला बरं वाटून चालणार नाही."

ती उठली. छताची दांडी धरून उठाबशा काढू लागली. वळणावर गाडी कलली तशी तीही कलली, पण थांबली नाही.

सासऱ्यांनी मास्क बाजूला केला. "बस कर... पोरी. सांग त्यांना. बांधा म्हणावं माझे हात."

"मास्क लावा, बाबा. बोलू नका."

"थांब ना."

"लावा आधी."

त्यांनी मास्क लावला. मोठा पडद्यावर नजर ठेवून होता.

"अजून थोडं, वहिनी," तो म्हणाला. "पुढे रस्ता तुंबलाय."