मोहरीची फितुरी

म्हाताऱ्या घड्याळजींचा एक नियम होता: मागचं झाकण उघडून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही. दुकानात तो जन्मभर कामाला आला. पण जावयाला मागचं झाकण नसतं, ही मोठी पंचाईत होती.

बायको गेल्यावर मुलगी आणि जावई त्यांच्याकडे राहायला आले. घरामागचा बायकोचा भाजीचा वाफा ओस पडला होता. तिथे फरशी घालून टाकू, स्कूटर ठेवायला बरं, असं मुलीचं म्हणणं. घड्याळजींचा जीव त्या वाफ्यात अडकलेला. शेवटी ठरलं, की यंदा कोबी नीट आला तर वाफा राहील, नाहीतर फरशी.

कोबीचं काम जावयाने आपणहून अंगावर घेतलं आणि घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली. जावई वायरमन, त्याला मातीची हौस कधीपासून? शिवाय स्कूटर कोणाची? त्याचीच.

त्यात त्याने कोबीच्या ओळींमध्ये मोहरी पेरली. औषध फवारायचं नाही, कीड मोहरीवर जाते आणि कोबी वाचतो, असं त्याने नीट समजावलं. घड्याळजींनी मान डोलावली आणि एक अक्षर खरं मानलं नाही. चोराला अंगणात जेवू घातलं की तो घरात शिरत नाही, असलाच हा प्रकार.

मोहरी माव्याने आणि अळ्यांनी बरबटली. जावई रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती बघायचा आणि खूश व्हायचा. कीड बघून खूश होणारा माणूस घड्याळजींनी पाहिला नव्हता. डोळ्याला भिंग लावून त्यांनीही मोहरी निरखली आणि त्यांना शिसारी आली. शेजारचा कोबी स्वच्छ होता, पण तिकडे भिंग वळवायला कोणाला सुचतंय?

जावई कामासाठी आठवडाभर बाहेरगावी गेला, तेव्हा त्यांनी सगळी मोहरी उपटली. कंबर धरली म्हणून ढीग वाफ्याच्या कडेलाच टाकला. मोहरी सुकली तशी कीड कोबीवर सरकली. जावई परत आला तोवर पानांची चाळण झाली होती.

मोहरी कोणी उपटली, मुलीने विचारलं.

"मीच, जाण्याआधी," जावई म्हणाला. "फार दाट झाली होती."

मग विषय संपला, असं म्हणून मुलीने फरशीवाल्याला लावायला फोन उचलला. साधला डाव, घड्याळजींच्या मनात आलं. आणि लगेच आठवलं, की मोहरी त्याने उपटलेलीच नाही. शरमेने त्यांचे कान तापले.

"फोन ठेव," ते म्हणाले. "मी उपटली. यांनी कोबी राखला होता, मी घालवला. मला वाटलं, यांना वाफाच मोडायचाय."

मुलीने फोन ठेवला.  मग, कोबी आणखी एकदा लावून बघा, एवढंच बोलून ती आत गेली.

"स्वतःवर का घेतलंत, जावईबापू?" घड्याळजींनी विचारलं.

"बाबा, तुमचं नाव घेतलं असतं तर फरशीसाठीच घेतलं, असं तुम्हाला वाटलं नसतं?"

नाही म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"वाटलं असतं," ते म्हणाले. "तुम्ही स्वतःवर घेतलंत, तेव्हाही तेच वाटलं."