शेवटच्या ओळीतलं नाव

गोवर्धनच्या गाण्याला अकोल्याच्या बाजारात तोड नव्हती. असं लोक म्हणत आणि तो मान खाली घालून ऐकून घेई. लोकांना वाटे, किती विनय! खरं कारण त्याचं त्यालाच ठाऊक होतं. त्याच्या गाण्यातली एकही ओळ त्याची नव्हती. सगळ्या त्याच्या मायच्या, गोदाबाईच्या. पहाटे ती जात्यावर बसे, हा अंथरुणात डोळे मिटून तिच्या ओव्या ऐके आणि दिवसभर शेतात वखरामागं चालताना त्या मनात घोळवी. मग त्यांना डफावरची चाल लावायची आणि शाहिरांच्या रिवाजानं शेवटच्या ओळीत आपलं नाव ठोकून द्यायचं: ‘गोवर्धन म्हणे’. म्हणे! आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

माय होती तोवर हे त्याला कधी टोचलं नाही. आषाढात ती तापानं गेली. बायको त्याआधीच बाळंतपणात गेलेली, त्यामुळे घरात दुसरं माणूस नव्हतं. शेजारची मनकर्णाबाई, मायची दळणातली जोडीदारीण, पीठ आणून देई. भाकरी तो स्वतःच थापी आणि एकटाच खाई. घर इतकं मुकं झालं होतं, की हातातून पेला पडला तरी तो दचके. नवं गाणं काही केल्या सुचेना. सुचणार कुठून? विहीरच आटली होती.

दिवाळीनंतर, कापूस वेचताना, त्याला मायची एक, गाण्यात घ्यायची राहून गेलेली ओवी आठवली.

*कापूस वेचता, बोटाले बोचे बोंड*
*उन्हात वाळलं, माह्या मायचं तोंड*

त्यावरून त्यानं एक गाणं बांधलं आणि शेवटी ओळ घातली: ‘गोवर्धन गाये नुसता, बोल गोदाबाईचे’. हे एक गाणं मायच्या नावानं भर बाजारात म्हणायचं, मग डफ खुंटीला टांगावा लागला तरी चालेल, असं त्यानं मनाशी ठरवलं.

त्याच्याबरोबर तुणतुणं वाजवणाऱ्या महादेवरावाला ते मुळीच रुचलं नाही.

“बाईचं नाव? लोक हासतीन ना, गड्या! कोन हाये ते गोदा, म्हून विचारतीन.”

“विचारू दे. सांगीन.”

त्या सालात कापसानं कहर केला होता. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि त्यापायी वऱ्हाडातल्या बोंडाला सोन्याचं मोल आलं होतं. काल ज्यांच्या पायात वहाण नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांना आज चांदीच्या शेंब्या होत्या. चार पैसे हाती आले, की माणसाला आपलंच नाव ऐकायची भूक लागते. शाहिराला कुणी मानाचं वस्त्र दिलं, तर गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारायचं, ही जुनी रीत. पण या नव्या श्रीमंतांनी बरोबर हेरलं होतं, की शेवटच्या ओळीला लोक अगदी चिडीचूप असतात; म्हणून ते वस्त्र नेमकं तेव्हाच देत.

माघातल्या बाजारी, भर दुपारी, कापसाच्या गाड्यांच्या रांगेपुढं गोवर्धन उभा राहिला. मायच्या ओवीवर गाडीवान माना डोलवायला लागले. एकानं डोळे पुसले. गोवर्धनला धीर आला. लोक हसतील म्हणून त्यानं मन घट्ट केलं आणि शेवटची ओळ उचलली. तेवढ्यात खुशालराव नावाचा एक बडा शेतकरी पुढं झाला आणि त्यानं जरीचा शेला गोवर्धनच्या खांद्यावर टाकला.

“खुशालराव पाटलायचा शेला!” महादेवराव गरजला. टाळ्या, शिट्ट्या, एकच कल्ला. गोवर्धन त्या कल्ल्यात ओळ पुरी म्हणाला, पण ती त्याची त्यालाही ऐकू आली नाही. पुन्हा म्हणावी, तर लोक उठून आपापल्या गाड्यांकडं निघालेही होते. कुणी हसलं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

बाजारात भाजी विकायला आलेली मनकर्णाबाई रिकामी टोपली घेऊन त्याच्याजवळ आली.

“शेवटी काय म्हटलं रे? आयकू नाही आलं.”

त्यानं हळू आवाजात म्हणून दाखवलं. म्हातारीनं टोपली खाली ठेवली.

“तिले मालूम होतं, गोवर्धना.”

“काय मालूम होतं?”

“तू तिच्याच ओव्या गातं ते. मीच सांगितलं, ‘गोदे, पोरगं तुह्या ओव्यायले आपलं नाव लावून राहिलं.’ तं हासली. म्हणे, ‘लावू दे वो. याचा बाप जातं सुरू झालं का कूस बदलून झोपे. जन्मात माहं कोनी आयकलं नाही, यानं आयकलं.’”

“मंग मले कावून नाही बोलली?”

“म्हणे, बोलली तं पोरगं लाजन, अन् आयकाचं सोडन. तू जागा हायेस हे पाहूनच तं मोठ्यानं ओव्या म्हणे ते.”

गोवर्धन शेल्यासकट खाली बसला आणि पोरासारखा रडला. इतकी वर्षं तो चोरून ऐकत होता आणि ती त्यालाच ऐकवत होती. एकाच घरात दोघं, आणि कुणी कुणाला एका शब्दानं बोललं नव्हतं.