न आलेला फोन

मित्रांनो, मला हलवून बघू नका, आत काही वाजायचं नाही. मी एक जुना टेलिफोन आहे. विटकरी रंगाचा, तबकडीचा, एका बाजूनं जरा वितळलेला. हल्ली नोहेमीच्या दुकानात मिठाच्या पुड्या आणि मेणबत्त्या यांच्यामधल्या फळीवर माझा मुक्काम असतो. मुलं येतात, तबकडीत बोट घालून फिरवतात आणि विचारतात, "आजी, याच्यावर गाणी लागतात का?"

"गाणी नाही रे," नोहेमी म्हणते, "याच्यावर माणसं लागायची."

माझा जन्म दूर राजधानीतल्या कारखान्यात झाला. तिथून घोंगडीत गुंडाळून, ग्वाव्यारे नदीवरून होडीनं मी प्वेर्तो सेइबाला आलो. गावाला ना रस्ता होता, ना वीज. टेकडीवर उंच अँटेना उभी राहिली, छपरावर सौरपट्टी बसली आणि मला वायर जोडली गेली. मी पहिल्यांदा घणघणलो तेव्हा अंगणातल्या कोंबड्या पळाल्या आणि पाद्रीबाबांनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं. त्यातलं थोडं आत गेलं. तेव्हापासून पावसाळ्यात माझा आवाज घोगरा होई.

नोहेमी तेव्हा तरुण होती. फोन घ्यायचा, नाव विचारायचं आणि छपरावरच्या कर्ण्यातून साऱ्या गावाला हाक द्यायची, हे तिचं काम.

"मार्लेनीऽऽ! सासूचा फोन! दहा मिनिटांनी परत करणार आहे. भाकरी तव्यावर ठेवून येऊ नकोस, मागच्या वेळी करपली होती!"

मग मार्लेनी ओल्या हातांनी धावत यायची. बूथचं दार नीट लागत नसे, त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेल्यांना सगळं ऐकू जायचं. कुणाला मुलगी झाली, कुणाचं लग्न मोडलं, कोण गेलं, हे गावाला माझ्याकडूनच कळे. फार सुखाचे दिवस होते ते.

गावाभोवती कोकाची शेतं होती, त्याच्या पानांपासून नशेची पूड बनते. मका आणि युकाचे कंद विकून होडीचं भाडंही सुटत नसे, कोकाचा घेणारा मात्र दारात यायचा. पानं खुडायला लांबून पोरं यायची. खुडून खुडून बोटं सोलवटायची, त्यांवर चिंध्या बांधायची. त्याच बोटांनी माझी तबकडी फिरवून घरी सांगायची, "मजेत आहे आई. काम अगदी हलकं आहे." मला ती बोटं कळायची. आईला फक्त आवाज.

रोसाल्बाचा एदिल्सनही असाच नदीच्या वरच्या अंगाला पानं खुडायला गेला होता. तिला त्याच्याशिवाय कुणी नव्हतं. सुरुवातीला दर रविवारी त्याचा फोन यायचा. मग थांबला. लोक कुजबुजले, रानातल्यांनी नेला. जंगलात राहून सरकारशी लढणाऱ्या बंदूकवाल्यांना गावात रानातले म्हणत.

रोसाल्बा तरी दर रविवारी धुतलेलं झंपर घालून बाकावर येऊन बसायची.

"आला का गं?"

"नाही गं."

"लाइन चालू आहे ना?"

नोहेमी माझा रिसीव्हर उचलून तिच्या कानाला लावायची. आतला एकसुरी आवाज ऐकला की तिची खात्री पटे आणि ती घरी जाई.

एकदा रानातल्यांचा म्होरक्या आला. "कोण कुणाशी काय बोलतं, ते आम्हाला सांगत जायचं," तो म्हणाला.

"साहेब, मी कानात कापूस घालून बसते," नोहेमी म्हणाली आणि तिनं कापूस काढून दाखवला. पुढं लष्कराच्या सुभेदारानंही तेच विचारलं. तिनं तेच उत्तर दिलं, कापूसही तोच दाखवला.

मग तिसरे आले, ना सरकारचे ना रानातले, खासगी बंदूकवाले. त्यांना कोकाचा सगळा धंदा हवा होता. गावात शिरायचे, "तुम्ही रानातल्यांना पोसता" म्हणायचे आणि माणसं मारायचे. आमच्याकडं त्यांनी आधी एक माणूस पाठवला. यूबेर त्याचं नाव. हडकुळा, फणी-आरशांची पिशवी घेऊन आलेला. कुणी काही विकत घेत नव्हतं आणि त्याला त्याचं दुःखही नव्हतं, यावरूनच तो कोण ते गावानं ओळखलं. दिवसभर तो माझ्या दारातल्या बाकावर सरबत पीत बसायचा. शर्टाखाली कमरेला वायरलेस असायचा.

एका रविवारी सकाळी मी वाजलो. नदीच्या वरच्या गावातून नोहेमीची मावसबहीण बोलत होती. 

"काल ते आमच्याकडं येऊन गेले, नोहेमी. चौकात... मी सांगू शकत नाही. उद्या तुमच्याकडं येणार, असं बोलत होते. निघा."

नोहेमीनं रिसीव्हर खाली ठेवला. दारात यूबेर होता. घरोघर जाऊन सांगावं तर तो पाहणार. कर्ण्यातून सांगावं तर तो ऐकणार. मग तिनं कर्ण्यावर मोठ्यानं गाणी लावली, माझी घंटी वाजत नाही हे त्याला कळू नये म्हणून. आणि मधूनमधून हाका द्यायला लागली.

"मार्लेनी, फोन! आन्सिसार, फोन!"

माणसं आली. रिसीव्हर पुसायच्या निमित्तानं नोहेमी बूथमध्ये शिरायची आणि हळूच सांगायची, "हसत राहा. उद्या ते येणार आहेत. खालच्या गावात फुटबॉलचा सामना आहे असं सांगा, धक्क्यावरून होडी धरा. शेजाऱ्यांनाही न्या." मग ती माणसं माझ्या रिकाम्या सुराशी बोलत राहायची. मार्लेनीनं सासूची खुशाली झकास विचारली. आन्सिसार कोळ्याला मात्र सोंग काही जमेना. "हो हो काकू! बारसं का? वा वा!" असं तो एवढ्यानं ओरडला की नोहेमीनं गाण्याचा आवाज वाढवला. त्याची काकू वारून वर्ष झालं होतं. नशीब, यूबेरला ते माहीत नव्हतं.

शेवटी रोसाल्बा राहिली, रविवार असून ती अजून बाकावर आली नव्हती. तिचं घर दलदलीच्या टोकाला, एकटं. तिला हाक देण्याआधी नोहेमीनं दोनदा गाणं बदललं. रोसाल्बाला फोन येणं म्हणजे काय, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"रोसाल्बा... फोन."

ती अनवाणी धावत आली. हाताला मक्याचं पीठ तसंच. तिनं मला कानाशी ओढलं. "हॅलो! एदिल्सन!"

आत नुसता सूर.

नोहेमीनं तिचं मनगट धरलं. "फोन आला नाही गं, रोसाल्बा. मला माफ कर." आणि उरलेलं भराभर सांगितलं.

बाहेरून यूबेरनं मान वळवली. "मुलाचा का, मावशी? बरं झालं बाई. दर रविवारी वाट बघता."

तेव्हा रोसाल्बानं त्याच्याकडं पाठ केली आणि ती माझ्यात बोलायला लागली.

"किती दिवसांनी रे... जेवलास का? नाही, रडत नाही, नाकात पीठ गेलंय. तुझा निळा शर्ट मी कुणाला दिला नाही. लोक म्हणाले देऊन टाक. ऐक, आता इथं फोन करू नकोस, मी घरी नसेन. मला शोध. उशीर झाला तरी चालेल, पण ये."

मित्रांनो, आयुष्यभर मी हजारो बोलणी पोचवली. ते एक मला कुठंच पोचवता आलं नाही.

दुपारी गाव सामन्याला निघालं. डेचकी, कोंबड्या, चटया, सगळं बरोबर. आन्सिसारच्या आजीला झोळीत घालून नेताना पाहून यूबेर हसला. "आजी पण खेळणार वाटतं?"

"खेळणार म्हणजे?" झोळीतून आजीच म्हणाली. "गोलकीपर आहे मी!"

म्हातारा मिसाएल तेवढा गेला नाही. "माझ्या डुकरांना कोण बघेल?" म्हणाला. नोहेमी सगळ्यांच्या शेवटी निघाली. "तुला नेलं तर त्याला कळेल रे," असं मला म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

सोमवारी ते आले. मला एक गोळी ऐकू आली. मिसाएलची डुकरं बराच वेळ ओरडत होती. मग त्यांनी घरं पेटवली. शेजारचं घर जळताना माझी एक बाजू वितळली. माझी खोली त्यांनी राहायला ठेवली. त्यांचा नायक यूबेरवर गरजला, "अख्खं गाव नाकाखालून गेलं? कुणी सांगितलं त्यांना?" यूबेरला खरंच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी पुन्हा वाजलो. यूबेरनं रिसीव्हर उचलला.

"नोहेमीताई? मी एदिल्सन. मी रानातल्यांकडून पळून आलोय. आईला बोलवा ना."

"तुझी आई?" यूबेर गोंधळला. "अरे, गेल्या रविवारीच बोललास ना तिच्याशी! मी इथंच बसलो होतो."

"मी? मी तर दीड वर्षानं आज फोन करतोय."

यूबेरनं दारातल्या बाकाकडं पाहिलं. तो फोन आलाच नव्हता, नोहेमीनं खोट्या हाका देऊन गावाला सावध केलं होतं, ते सारं त्याला त्या क्षणी उमगलं. एक नाव घेतलं असतं तर नायकानं त्याची पाठ थोपटली असती, आणि होड्या सान होसे शहराला गेल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं, तिथून नोहेमीला शोधून काढणं त्यांना अवघड नव्हतं.

"कोण आहे रे?" नायकानं आतून विचारलं.

यूबेरनं तोंडाशी हात धरला. "सान होसेला जा," तो हलकेच म्हणाला. "होड्या तिकडंच गेल्यात. शाळांमध्ये बघ, चर्चमध्ये बघ. जिवंत आहे ती." मग तो मोठ्यानं म्हणाला, "राँग नंबर!"

रिसीव्हर ठेवून त्यानं खिशातला चाकू काढला आणि माझी वायर कापली.

त्यानंतर मी कधी वाजलो नाही. ते लोक निघून गेले. खोलीत वेली शिरल्या, गांधीलमाश्यांनी माझ्यात घर केलं. बाहेर सरकारचा आणि रानातल्यांचा समेट झाला म्हणे, आणि काही वर्षांनी पिकल्या केसांची नोहेमी परत आली. तिनं मला पुसलं, गांधीलमाश्यांचे दंश सोसले आणि या फळीवर ठेवलं. आता टेकडीवर मोबाइलचा मनोरा आहे.

दुकानात ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, की एदिल्सननं आईला सान होसेच्या एका शाळेत गाठलं. रोसाल्बानं त्याला आधी एक थोबाडीत मारली, मग पोटभर सूप वाढलं. ती दोघं तिथंच मक्याच्या भाकऱ्या विकतात. "कुणीतरी फोनवर सांगितलं त्याला," नोहेमी म्हणते. "कोण, कुणास ठाऊक."

मला ठाऊक आहे. पण मी दुसऱ्यांचंच बोलणं पोचवू शकतो. यूबेरचं पुढं काय झालं ते मात्र मलाही ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याकडं आता बोलायला कितीतरी साधनं आहेत. त्यांना चकचकीत ठेवा असं मी सांगत नाही. कुणी वाट बघत असेल तर त्याला फार बसवू नका, एवढंच. आणि कुठं माझ्यासारखा जुना टेलिफोन अजून चालू असेल, तर बोलणं झाल्यावर रिसीव्हर नीट जागेवर ठेवा. जरासा तिरका राहिला, तर कुणाचा फोन येणार होता, ते कधीच कळत नाही.