मणक्यांतले दिवे

नवऱ्याचा रोग उजळू दे, असं साकडं कुणी बाईनं देवाला घातलं नसेल. ती मात्र सकाळपासून तेच घालत होती. मणक्यांत दिवे लागू देत रे बाबा, एक नको, दहा लागू देत.

डॉक्टरीणबाईंनीच तसं समजावलं होतं. आधी किरणांचं सौम्य औषध शिरेतून सोडायचं. ते गाठींना चिकटलं, तर यंत्रात गाठी दिव्यांसारख्या दिसतात. मग त्याच वाटेनं जहाल औषध पाठवायचं. ते गाठी जाळतं. केमो झाली, गोळ्या झाल्या, सगळे उपाय हात टेकून बसले होते. उरली होती ही एक वाट.

तपासणी आटोपून तिघं डॉक्टरीणबाईंसमोर खोलीत बसली. पडद्यावर तिच्या रंगारी नवऱ्याचं अख्खं शरीर उभं होतं.

"अगंबाई, पाठ बघ कशी कोरी करकरीत!" थोरली नणंद उठलीच. "बाळ्या, सुटलास की रे!" आणि डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत ती फोन घेऊन बाहेर पळाली.

ती मात्र पडद्यावर दिवे शोधत होती. दोन मूत्रपिंडं तेवढी लखलखत होती. ती सगळ्यांचीच लखलखतात, डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

"गाठी आहेत ना पण?"

"आहेत. साध्या स्कॅनमध्ये दिसतात, दोन वाढल्यात. त्यांनी औषध धरलंच नाही."

"डोस वाढवला तर?"

"मूत्रपिंडं जळतील. गाठी तशाच राहतील."

नवऱ्यानं पडद्यावरच्या पाठीवरून बोट फिरवलं. "म्हणजे भिंतीनं अस्तरच धरलं नाही, बाई," तो म्हणाला. "मग वर रंग मारून काय उपयोग?"

"दुखणं कमी करता येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि आधीच नीट असलेले कागद पुन्हा नीट करू लागल्या.

बाहेर नणंदेचा आवाज चढला होता, "काही म्हणजे काही दिसलं नाही हो!" ती नणंदेला थांबवायला उठली, तशी नवऱ्यानं तिची ओढणी धरली.

"बोलू दे ताईला. घर येईपर्यंत तरी."

औषध अंगातून लवकर निघून जावं म्हणून भरपूर पाणी प्या, असं मघाशी नर्सनं बजावलं होतं. तो बाकावर बसून शहाण्या मुलासारखा पेल्यामागून पेला रिकामा करत होता. सगळ्या अंगात हिंडून कुठंच थारा न मिळालेलं ते औषध आता निघालं होतं. ती पेला भरत राहिली.